होडीच्या तळावरचा जलाघात: दाब किती, कुठे आणि किती वेळ?

लाटेवरून उसळलेली वेगवान होडी पुन्हा पाण्यावर उतरते, तेव्हा तिच्या तळावर एखाद्या ठिकाणी क्षणभर जो दाब येतो तो त्याच जागी होडी नुसती तरंगत असतानाच्या दाबापेक्षा पन्नासपट, कधी शंभरपटही असतो. हा क्षण काही सहस्रांश सेकंदांचा असतो. जहाजबांधणीत या घटनेला स्लॅमिंग म्हणतात. इथे तिला जलाघात म्हणू. तळाची जाडी, आतल्या वाकांमधले (म्हणजे तळाला आतून आधार देणाऱ्या फासळ्यांमधले) अंतर, वाक आणि तळ यांचा जोड, वादळात गाठता येणारा वेग, हे सारे शेवटी याच आघातावर ठरते. म्हणून त्याचा अंदाज बांधणे आणि तो मोजणे ही दोन्ही कामे शंभर वर्षांपासून चालू आहेत.

या कामात एक प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो: दाब किती? माझ्या मते हा प्रश्न अर्धवट आहे. दाब किती, केवढ्या क्षेत्रावर आणि किती वेळ, असे तिन्ही एकत्र विचारले नाही तर मिळालेला आकडा अगदी अचूक असूनही निरुपयोगी ठरतो. पुढचे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

पहिले गणित: सोबत ओढले जाणारे पाणी

या विषयाचा उगम होड्यांत नाही, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांत आहे. १९२० च्या दशकात समुद्री विमानांचे तरंगे उतरताना किती भार सोसतील हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. तेव्हा जर्मनीत आखेन येथे प्राध्यापक असलेल्या थिओडोर फॉन कार्मान यांनी १९२९ मध्ये अमेरिकेच्या 'नाका' या विमानसंशोधन संस्थेसाठी एक छोटे टिपण लिहिले. त्यातला विचार विलक्षण सोपा आहे. पाचरीच्या आकाराचा तळ पाण्यात शिरतो तेव्हा तो काही पाणी आपल्यासोबत खाली ढकलतो. भिजलेल्या रुंदीएवढा व्यास असलेला अर्धा दंडगोल कल्पावा. त्यात मावेल तेवढे हे पाणी. तळ जसजसा खोल जातो तसतशी भिजलेली रुंदी वाढते आणि सोबतीला आलेल्या पाण्याचे वस्तुमान रुंदीच्या वर्गाने वाढते. एकूण संवेग तोच राहायचा, म्हणून वेग घटतो. आणि वेग घटण्याच्या दराला पाचरीच्या वस्तुमानाने गुणले की मिळते ते आघाताचे बल.

या मांडणीत तळाचा चढ निर्णायक ठरतो. कण्यापासून दोन्ही बाजूंना तळ आडव्या रेषेपासून जितक्या अंशांनी वर जातो तो हा कोन. होडी बांधणारे त्याला डेडराइज म्हणतात. चढ कमी असेल तर थोड्याच खोलीत भरपूर रुंदी भिजते, पाणी झपाट्याने गळ्यात पडते आणि बल वाढते. विहिरीत सूर मारणारा आणि पोटावर पडणारा यांच्या अनुभवातला फरक तो हाच.

कार्मान यांनी एक गोष्ट बाजूला ठेवली होती. त्यांनी पाण्याचा पृष्ठभाग जागच्या जागी सपाट राहतो असे धरले. प्रत्यक्षात बाजूला सारलेले पाणी तळाच्या कडेने वर चढते. १९३२ मध्ये हर्बर्ट वाग्नर यांनी हा चढाव हिशेबात घेतला. चढ लहान असेल तर भिजलेली रुंदी कार्मान यांच्या अंदाजाच्या १.५७ पट निघते, असे त्यांनी दाखवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी नुसते बल न देता दाब तळावर कसा पसरतो हे सांगितले. कण्यापाशी दाब मध्यम असतो, बाहेरच्या दिशेने तो वाढत जातो, भिजलेल्या भागाच्या कडेपाशी एकदम टोकदार शिखर गाठतो आणि त्यापलीकडे पाण्याच्या पातळ फवाऱ्यात जवळजवळ शून्यावर येतो.

शिखर कडेलाच का? समजा, आपण त्या भिजत्या कडेसोबत तिच्याच वेगाने सरकत आहोत. तिथून पाहिले तर समोरचे पाणी आपल्याकडे वेगाने येताना आणि वळून फवारा बनून परत जाताना दिसेल. जिथे ते वळते तिथे क्षणभर थांबते, आणि थांबलेल्या पाण्याचा दाब येणाऱ्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. हा वेग होडीच्या खाली येण्याच्या वेगाच्या कितीतरी पट असतो. म्हणजे शिखराचे मूळ होडीच्या पडण्यात जेवढे आहे त्याहून अधिक कडेच्या धावण्यात आहे.

आकडे काय सांगतात

तळ सेकंदाला ५ मीटर वेगाने समुद्राच्या पाण्यात शिरतो असे धरू. घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे अर्धे म्हणजे गतिदाब. तो येतो सुमारे १२.८ किलोपास्कल. वाग्नर यांच्या सूत्राने, चढ ३० अंश असेल तर शिखर सुमारे १०८ किलोपास्कल, २० अंशांना २५१, १० अंशांना १,०३० आणि ५ अंशांना ४,१४० किलोपास्कल. चढ निम्मा केला की शिखर साधारण चौपट होते, कारण ते कोनाच्या कोटँजंटच्या वर्गाने वाढते.

आता त्याच सूत्रातून भिजलेल्या सबंध रुंदीवरचा सरासरी दाब काढू. २० अंशांना तो सुमारे १७४ किलोपास्कल येतो, १० अंशांना ३५९ आणि ५ अंशांना ७२२. इथे चढ निम्मा झाला की दाब दुपटीनेच वाढतो. सरासरी कोटँजंटच्या पहिल्या घातावर चालते, शिखर दुसऱ्या घातावर. म्हणजे तळ जितका सपाट, तितकी शिखर आणि सरासरी यांच्यातली दरी रुंद: २० अंशांना दीडपटीच्या आत, ५ अंशांना साडेपाच पटींहून जास्त. मग शिखराची ही जादा उंची जाते कुठे? ती रुंदीत वजा होते. वाग्नर यांच्याच हिशेबाने, १० अंशांच्या तळाची कण्यापासून ३० सेंटिमीटर रुंदी भिजलेली असताना फवाऱ्याची जाडी अवघी दीड मिलिमीटर असते आणि शिखराचा पट्टा त्याच्या काही पट, म्हणजे काही मिलिमीटरांचा. एक हजार किलोपास्कल खरे, पण बोटाच्या पेराएवढ्याही रुंदीवर नाहीत.

वाग्नर यांचे सूत्र लहान कोनांसाठी आहे आणि त्याची मर्यादा पुढे मोजली गेली. १९६९ मध्ये झेड. एन. डोब्रोवोल्स्काया यांनी पाचरीच्या प्रवेशाचे अधिक नेमके गणित मांडले, आणि १९९३ मध्ये झाओ आणि फाल्टिन्सन यांनी ४ ते ८१ अंशांपर्यंतची संगणकीय उत्तरे दिली. १० अंशांना वाग्नर शिखर जेमतेम तीन टक्के जास्त सांगतात; ३० अंशांना वीस टक्क्यांहून जास्त. एकूण बलात फरक अधिक ठळक आहे. २० अंशांच्या तळाला कार्मान खऱ्या बलाच्या निम्म्याच्या थोडे वर सांगतात, तर वाग्नर ते सव्वापटीहून जास्त फुगवतात. उत्तर दोघांच्या मध्ये आहे. तरीही पहिला अंदाज म्हणून दोघांचीही सूत्रे मी आजच्या संगणकी चित्रांच्या आधी ठेवीन, कारण कोणता घटक किती घातांनी परिणाम करतो हे त्यांतून डोळ्यांसमोर दिसते.

हे सगळे दोन मापांवर टांगलेले आहे आणि समुद्रात ती दोन्ही सतत बदलतात. पहिले माप, तळ आणि लाटेचा पृष्ठभाग यांच्यातला सापेक्ष लंबवेग. ३० नॉट म्हणजे सेकंदाला १५.४ मीटर. समोरच्या लाटेचा उतार तळाशी १० अंशांचा कोन करत असेल तर नुसत्या पुढच्या वेगातूनच २.७ मीटर लंबवेग मिळतो. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, खाली येत असेल तर तो वेग वर आणखी. वेगाच्या अंदाजात वीस टक्के चूक झाली तर दाबात चव्वेचाळीस टक्के होते. दुसरे माप, प्रत्यक्षात पाण्याला भेटणारा कोन. २० अंश चढाची होडी १५ अंश कलून उतरली तर त्या बाजूचा तळ पाण्याला पाच अंशांनीच भेटतो, आणि वरच्या आकड्यांत पाच अंशांपुढे काय लिहिले आहे ते वाचकांनी पाहिलेच आहे. होडीच्या आराखड्यावर लिहिलेला चढ ही सरळ उतरणाऱ्या होडीची गोष्ट आहे. तळ फुटतो तो बहुधा तिरक्या उतरण्यात.

चढ वाढवण्याचा फायदा खुल्या समुद्रात सिद्ध करण्याचे श्रेय अमेरिकी आरेखक सी. रेमंड हंट यांच्याकडे जाते. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सुमारे २४ अंशांचा चढ कायम ठेवलेल्या त्यांच्या 'मॉपी' या होडीने १९६० मध्ये खवळलेल्या समुद्रातली मायामी ते नासाऊ ही शर्यत जिंकली आणि खोल 'व्ही' तळाची प्रथा जगभर पडली. त्याची किंमत मोजावी लागतेच. असा तळ उचलून धरायला जास्त शक्ती लागते आणि उभी असताना होडी जास्त डुलते.

सपाट तळ आणि हवेची गादी

चढ शून्य केला तर वाग्नर यांचे सूत्र अनंत दाब सांगते. निसर्गात तसे होत नाही. पाणी दाबले जाऊ शकते. त्यामुळे वरची मर्यादा घनता, पाण्यातला ध्वनीचा वेग आणि आघाताचा वेग यांच्या गुणाकाराने ठरते. सेकंदाला ५ मीटरसाठी ती सुमारे ७,७०० किलोपास्कल येते. सपाट पत्रे पाण्यावर टाकून पाहिले तर एवढा दाबही सहसा सापडत नाही. अमेरिकी नौदलाच्या डेव्हिड टेलर मॉडेल बेसिनमध्ये शेंग-लुन चुआंग यांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांनी कारण दाखवले: पत्रा आणि पाणी यांच्यामध्ये हवा अडकते, पाणी पत्र्याला टेकण्याआधीच दबून खोलगट होते आणि आघात त्या गादीवर पसरतो. चढ साधारण दोन-तीन अंशांच्या खाली गेला की ही हवा महत्त्वाची ठरते. चढ त्याहून जास्त असेल तर ती कडेने निसटून जाते. म्हणजे सर्वांत उंच शिखरे ठार सपाट तळावर येत नाहीत, सपाटाच्या अगदी जवळच्या, पण हवा निसटू देणाऱ्या तळावर येतात.

मोजताना काय मोजले जाते

तळात भोक पाडून दाबमापक बसवायचा आणि आकडा वाचायचा, इतके हे सरळ असते तर बरे झाले असते. १० अंशांच्या तळावर वरच्याच वेगाला भिजती कड सेकंदाला सुमारे ४४ मीटर वेगाने धावते. दाबमापकाचे तोंड १० मिलिमीटर व्यासाचे असेल तर ती ते सुमारे ०.२ सहस्रांश सेकंदात ओलांडते. सेकंदाला हजार नोंदी घेणाऱ्या यंत्रात दोन नोंदींमध्ये कड चार सेंटिमीटर पुढे गेलेली असते. शिखर सापडले तर नशीब. त्यामुळे नोंदींचा दर सेकंदाला काही दशसहस्र तरी लागतो. तेवढे करूनही मापकाचे तोंड शिखराच्या पट्ट्यापेक्षा मोठे असेल तर तो शिखर दाखवतच नाही, आपल्या तोंडावरची सरासरी दाखवतो. म्हणून एकाच आघातात लहान तोंडाचा मापक मोठा आकडा देतो आणि मोठ्या तोंडाचा लहान. दोघेही खरे असतात. मापकाचा व्यास न देता छापलेला शिखरदाब मी तरी वापरणार नाही.

बाकीचे त्रास कारागिरीचे आहेत, पण निकाल बिघडवण्याइतके मोठे. मापकाचे तोंड तळाशी तंतोतंत सपाट नसेल, किंचित बाहेर वा आत असेल, तर तिथे प्रवाहच बदलतो. उन्हात तापलेला मापक थंड पाण्यात बुडताच त्याच्या पातळ पडद्याला उष्णतेचा धक्का बसतो आणि स्फटिकावर चालणारे मापक नसलेला दाब दाखवू लागतात. शिवाय, मापक ज्या पत्र्यात बसवला तो पत्राही आघाताने थरथरतो.

या सगळ्यावर मात केल्यावरही एक गोष्ट उरते, आणि इथे या विषयाचा गाभा आहे. नॉर्वेत फाल्टिन्सन, क्वोल्स्वोल्ड आणि आर्स्नेस यांनी १९९० च्या दशकात आडवे लवचीक पत्रे लाटांच्या माथ्यावर टाकून पाहिले. प्रयोगागणिक शिखरदाब प्रचंड बदलत होता, पण पत्र्यात निर्माण झालेला ताण जवळजवळ तोच राहत होता. लाटेच्या पृष्ठावरची बारीकशी सुरकुती, अडकलेल्या हवेचा एखादा बुडबुडा एवढ्यानेही शिखर हलते. पत्र्याला मात्र त्याचा पत्ता लागत नाही. कारण पत्र्याला वाकायला वेळ लागतो. त्याच्या स्वतःच्या कंपनाच्या एका आवर्तनापेक्षा दाब फारच कमी वेळ टिकला, तर पत्रा दाबाची उंची जाणत नाही. दाब आणि वेळ यांचा गुणाकार, म्हणजे आवेग, तेवढा जाणतो. त्या आवेगाने त्याला सुरुवातीचा वेग मिळतो आणि मग तो आपल्या लयीने वाकतो. उलट तळाचा चढ भरपूर आणि पत्रा ताठ असेल तर कड हळू सरकते, पत्रा प्रत्येक क्षणी दाबासोबत वाकत राहतो आणि साधे स्थिर भाराचे गणित पुरते. वाकांमधल्या ३० सेंटिमीटर रुंद तळाला १० अंशांवर कड सुमारे सात सहस्रांश सेकंदांत पार करते. ही वेळ आणि पत्र्याचे ओले आवर्तन यांची तुलना केल्याशिवाय कोणते गणित वापरायचे हे ठरवताच येत नाही. ओले म्हणायचे कारण, पाण्याला टेकलेला पत्रा सोबत पाणीही हलवतो आणि त्याचे आवर्तन कोरड्यापेक्षा लांबते.

मोजलेल्या दाबापासून आराखड्याच्या दाबाकडे

होडी बांधणाऱ्याला एक आकडा हवा असतो: हा पत्रा किती दाबासाठी बांधू? १९६० मध्ये हेलर आणि जॅस्पर यांनी वेगवान होड्यांच्या मोजमापांवरून एक रीत बसवली. खऱ्या, धावत्या, टोकदार दाबाच्या जागी असा स्थिर आणि एकसारखा दाब घ्यायचा, ज्याने पत्र्यात तेवढाच ताण येईल. हा दाब समुद्रात कुठेच अस्तित्वात नसतो. तो पत्र्याच्या उत्तरातून उलटा काढलेला असतो. १९७८ मध्ये अॅलन आणि जोन्स यांनी त्यात क्षेत्राचा हिशेब पक्का केला: भार झेलणारे क्षेत्र जितके मोठे, तितका आराखड्याचा दाब कमी. त्यामुळे एकाच जागी वाकांमधल्या पत्र्यासाठी एक दाब, वाकासाठी त्याहून कमी आणि होडीला आडवे विभागणाऱ्या मोठ्या पडद्यासाठी आणखी कमी घेतला जातो. नवख्या वाचकाला हा विरोधाभास वाटतो. वाग्नर यांचे शिखर आणि सरासरी आठवले की तो उरत नाही.

२४ मीटरपर्यंतच्या होड्यांसाठी वापरले जाणारे आयएसओ १२२१५-५ हे मानक याच परंपरेतले. त्यात होडीचा उभा त्वरण-भार आधी काढतात; तो वेगाच्या वर्गाने वाढतो आणि ५० मधून चढाचे अंश वजा करून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात बदलतो. चढ १० ते ३० अंशांच्या बाहेर धरता येत नाही. इथे चढाचा परिणाम सरळ रेषेचा आहे, कोटँजंटच्या वर्गाचा नाही. कारण हे सूत्र अख्ख्या होडीला बसणाऱ्या धक्क्याचे आहे, एका बिंदूवरच्या शिखराचे नाही. या मानकातून लहान होडीच्या तळाचा दाब बऱ्याचदा शंभर किलोपास्कलच्या आत येतो. एखाद्याने सहा मिलिमीटरच्या मापकाने पाचशे किलोपास्कल मोजले आणि 'मानक धोकादायक आहे' असा निष्कर्ष काढला, तर त्याने दोन वेगळ्या राशींची तुलना केलेली असते. मानक चुकणे अशक्य आहे असे मला म्हणायचे नाही. पण ते चुकते की नाही हे ताण मोजून सिद्ध करावे लागेल, शिखर मोजून नाही.

समुद्र एकच आघात देत नाही, हजारो देतो. न्यू जर्सीतल्या डेव्हिडसन प्रयोगशाळेत गेरार्ड फ्रिड्स्मा यांनी अनियमित लाटांत केलेल्या चाचण्यांतून असे दिसले की होडीला बसणाऱ्या धक्क्यांची शिखरे घातांकी वितरणाने पसरतात. त्यामुळे सर्वांत मोठ्या एक दशांश धक्क्यांची सरासरी ही सर्व धक्क्यांच्या सरासरीच्या ३.३ पट येते आणि सर्वांत मोठ्या एक शतांशांची ५.६ पट. 'धक्का ३ जी' एवढेच लिहिलेला अहवाल त्यामुळे काहीच सांगत नाही: कोणती सरासरी, आणि नोंदीतली किती वेगाची कंपने गाळून? गाळणी बदलली की आकडाही बदलतो.

लहान प्रतिकृती टाकीत ओढून पाहण्यालाही मर्यादा आहेत. दशमांश प्रतिकृतीत दाब दहापटीने आणि वेळ ३.१६ पटीने वाढवून मूळ होडीसाठी वाचतात, पण वातावरणाचा दाब दोन्हीकडे तोच असतो. म्हणून अडकलेल्या हवेच्या आघातात ही पटीची रीत सहसा जास्त आकडा देते. संगणकी प्रवाहगणितात जाळीची चौकट शिखराच्या पट्ट्यापेक्षा मोठी असेल तर तीच चूक वेगळ्या रूपाने परत येते. बल बरोबर येते, शिखर येत नाही.

फायबरच्या तळाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. हलक्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना फायबरचे थर दिलेल्या सँडविच तळात बाहेरचा थर शाबूत राहून आतला गाभा कातरून फाटू शकतो. कातरणारे बल पत्र्याच्या कडेपाशी, वाकाजवळ सर्वाधिक असते, आणि कडेजवळ पोहोचलेला धावता दाब ते समान पसरलेल्या दाबापेक्षा जास्त वाढवतो. २००८-०९ च्या वोल्व्हो ओशन रेसमध्ये सिंगापूर ते चिंगताओ या टप्प्यावर समोरच्या खड्या लाटांत कित्येक नौका मोडल्या. सँडविच रचनेत एकसारख्या दाबाचे गणित वाकण्याच्या ताणासाठी चालते, कातरण्यासाठी अपुरे पडते.

कोकण किनाऱ्यावर आउटबोर्ड इंजिनाच्या फायबर होड्या आता सर्रास आहेत, आणि खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर उठणाऱ्या आखूड, खड्या लाटा ओलांडणे हा त्यांचा रोजचा व्यवहार आहे. अशा होड्या बांधणाऱ्या लहान कारखान्याला महागड्या दाबमापकांची रांग परवडणार नाही, आणि माझ्या मते तिची गरजही नाही. तळाच्या आतल्या बाजूने, वाकांमधल्या पत्र्याच्या मध्यावर आणि वाकाच्या कडेला ताणपट्ट्या चिकटवाव्यात. भोक पाडावे लागत नाही. होडी किनाऱ्यावर असताना त्या पत्र्यावर मोजलेल्या वजनाच्या वाळूच्या गोण्या रचून किती भाराला किती ताण येतो हे आधी नोंदवावे. मग लाटांत नेऊन ताण नोंदवावा आणि गोण्यांच्या मापाने तो दाबात उलटवावा. त्यासोबत होडीचा वेग, लाटेची उंची, त्या दिवशीचे एकूण वजन आणि नोंदींचा दर लिहून ठेवावा. या रीतीने येणारा दाब आपोआप पत्र्याच्या क्षेत्रावरचा आणि पत्र्याच्या वेळेचा असतो, म्हणून तो मानकातल्या दाबाशी थेट ताडून पाहता येतो. पत्र्याचे ओले आवर्तन आघाताच्या वेळेएवढे लांब निघाले, तर या उलट्या हिशेबात त्याच्या जडत्वाची दुरुस्ती करावी लागेल. त्यासाठी होडी पाण्यात असताना तळावर आतून लाकडी हातोडीचा एक ठोका मारून त्याच पट्ट्यांवर उमटणारे कंपन मोजले की पुरते.